मुक्तीनंतरची वही
(सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. भरपाई म्हणून 2 कोटी पौंड मंजूर झाले, पण ते मालकांना. गुलामांच्या हाती काहीच पडले नाही. ऊस मात्र तोडायचाच होता. म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर मॉरिशसला नेऊ लागले. त्यांत पुढे आपले मराठी लोकही गेले. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापत. मळा सोडून जाणे हा गुन्हा होता. ख्रिस्ती मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज यांनी 1915 साली फिजीत जाऊन अशा मजुरांचे हाल पाहिले व ते लोकांपुढे मांडले. 1917 मध्ये ही भरती थांबली.

आता आपल्या पाड्यांकडे या. भातकापणी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल त्याआधीच घेतलेली असते. आजारपणासाठी, लग्नासाठी, कधी नुसत्या दाण्यांसाठी. आठवड्याला फक्त खर्ची मिळते. हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि वही मालकाकडे. एका बाईने मला विचारले, "दादा, पोरं पण विटा उचलतात, मग फिटत कसं नाही?" मी म्हणालो, "पैसे तुम्हीच घेतलेत ना?" त्या उत्तराची मला आज लाज वाटते. मळेवालेही तेच म्हणत असत की करार त्यांनी राजीखुशीने केला.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. गुलाम बाजारात विकला जाई. भट्टीवरच्या माणसामागे कायदा उभा आहे. उचलीपोटी कोणाला काम सोडून जाता येत नसेल, तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ते कर्ज रद्द होते. ते वेठबिगारीचे नाही हे मालकाने सिद्ध करायचे असते. पण कर्ज रद्द झाले म्हणून चूल पेटत नाही. घरात दाणे नसले तर तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा उचल घेतो. 1834 सालीही बेडी निघाली, पण जमीन मिळाली नाही.

अनुवादाच्या 24 व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे याच विटांची आहेत, माझेही आहे. म्हणून दोनच गोष्टी मागतो. दिवाळीपूर्वी, उचल वाटली जाण्याआधी, पाड्यावरची धान्यकोठी भरू या. आणि प्रत्येक कुटुंबाच्या हाती त्याची स्वतःची वही देऊ या. ती लिहायला आपल्या तरुण संघातील मुलांनी जावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.