खाणीच्या उच्छ्वासातली ऊब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोळशाच्या खाणीतून काय बाहेर पडतं, असं विचारलं तर कुणीही कोळसा हेच उत्तर देईल. पण अनेक भूमिगत खाणींत दिवसभराच्या कोळशापेक्षा बाहेर पडणाऱ्या हवेचंच वजन जास्त भरतं. विदर्भातल्या भूमिगत खाणींत मी बरीच वर्षं वायुवीजनाचं, म्हणजे खाली हवा खेळती ठेवण्याचं काम केलं. आज बोलायचं आहे ते या बाहेर टाकलेल्या हवेबद्दल.

खाणीला दोन वाटा असाव्या लागतात. इंग्लंडमधल्या हार्टली खाणीला एकच उभी विहीर होती. जानेवारी १८६२ मध्ये पंपाच्या इंजिनाची अवजड तुळई तुटून त्या विहिरीत कोसळली, वाट बुजली आणि २०४ माणसं दगावली. त्याच वर्षी तिथं दोन वाटांचा कायदा झाला. आज एका वाटेनं ताजी हवा आत जाते, तिला आम्ही इनटेक म्हणतो. दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी मोठा पंखा बसवलेला असतो. तो वापरलेली हवा ओढून बाहेर फेकतो, ती रिटर्न. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मोठ्या पाळीतल्या माणशी मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनाच्या टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर, यांपैकी जे जास्त असेल तितकी हवा खाली पोचलीच पाहिजे. मिथेन वायू पातळ करायचा, धूळ वाहून न्यायची आणि माणसाला श्वास द्यायचा, ही या हवेची कामं.

हीच हवा खाली गरम होते. जमिनीत एक किलोमीटर खोल गेलं की खडकाचं तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. त्यात यंत्रांची उष्णता, उघड्या पडलेल्या कोळशाचं सावकाश होणारं ज्वलन आणि भिंतींतून झिरपणारं पाणी यांची भर पडते. त्यामुळे बाहेर येणारी हवा उबदार आणि ओलीचिंब असते. विशेष म्हणजे पौष असो की वैशाख, तिच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ही ऊब कुणाला हवी आहे? पण उत्तर चीनमधल्या शान्शी किंवा इनर मंगोलिया प्रांतात चित्र उलटं आहे. तिथं हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो. अशी हवा इनटेकमधून आत गेली तर विहिरीच्या भिंतीवरचं पाणी गोठतं आणि बर्फाचे सुळके खाली येणाऱ्या पाळण्यावर कोसळू शकतात. म्हणून इनटेकच्या तोंडाखालची हवा २ अंशांच्या वरच हवी, असा तिथला नियम आहे. त्यासाठी खाणीच्या तोंडाशी कोळशाचे बॉयलर धडधडत असत. कामगारांच्या आंघोळीचं पाणी आणि कचेऱ्या, वसतिगृहं यांची ऊबही त्यांच्यावरच. म्हणजे एका तोंडानं उबदार हवा आकाशात सोडायची आणि दुसऱ्या तोंडाशी कोळसा जाळायचा! २०१३ साली चीन सरकारनं हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कृती आराखडा आणला, लहान बॉयलर बंद होऊ लागले आणि रिटर्नच्या हवेकडं लक्ष गेलं.

थोडा हिशेब करू. समजा, सेकंदाला १०० घनमीटर, म्हणजे एक मोठा दिवाणखाना भरेल इतकी, २० अंशांची दमट हवा बाहेर पडते आहे. ती ५ अंशांपर्यंत थंड केली तर सुमारे साडेचार हजार किलोवॉट उष्णता हाती लागते. घरातले दोन हजारांहून अधिक गीझर एकदम चालू केल्यासारखं. त्यातही निम्म्याहून जास्त उष्णता मिळते ती वाफेचं पाणी होताना. त्या धारेतून सेकंदाला लिटरभर पाणी निथळतं.

पण २० अंशांच्या हवेनं खोली तापणार कशी? इथं उष्णता-पंप येतो. आपला फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच हे तत्त्व. बाहेर पडणाऱ्या हवेवर पाण्याचे फवारे मारतात. पाणी उष्णता घेतं, पंप ती वरच्या तापमानाला नेतो. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन-चार युनिट उष्णता मिळते. ती वीज कोळशावरची असली, तरी जुन्या लहान बॉयलरपेक्षा कोळसा कमीच लागतो.

आता माझ्या धंद्यातली काळजी सांगतो. पंख्याच्या वाटेत फवारे किंवा नळ्यांची जाळी बसवली की हवेला अडथळा होतो. नळ्यांवर कोळशाची धूळ बसते, अडथळा वाढतो, आणि तितकी हवा खाली कमी पडते. पाळीवरचा एखादा जुना कामगार म्हणायचा, "साहेब, आज हवा जड वाटते." तेव्हा मी हातातलं काम टाकून हवेचा वेग मोजायला निघत असे. आणीबाणीत पंख्याचा प्रवाह उलटवावा लागतो, स्फोट झाला तर दाब मोकळा करणारे दरवाजे उघडावे लागतात. उष्णता काढणारं कुठलंही यंत्र यांच्या आड येता कामा नये. ते बंद पडलं तर कचेरी गारठेल, पण पंखा मंदावला तर खालची माणसं गुदमरतील.

दुसरी मर्यादा मिथेनची. या हवेत तो टक्क्याहून कमी असतो, पण उष्णता काढून घेतली तरी तो आकाशात जातोच. त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. तेव्हा या योजनेनं खाण स्वच्छ झाली, असं कुणी समजू नये.

तिसरी गोष्ट, ऊब दूर नेता येत नाही. ती जवळच वापरावी लागते. लंडनच्या इझलिंग्टन भागात २०२० पासून भुयारी रेल्वेच्या एका वायुवीजन-विहिरीतली उबदार हवा आसपासची घरं तापवणाऱ्या जाळ्याला उपयोगी पडते आहे. तिथं भट्टी आणि गिऱ्हाईक शेजारी शेजारी आहेत.

आणि खाण संपली की पंखा थांबतो, त्याबरोबर ही उबदार हवाही थांबते. नेदरलंड्समधली शेवटची कोळसा खाण १९७४ साली हेर्लेन गावात बंद झाली. खालची पोकळी पाण्यानं भरली आणि २००८ पासून त्या कोमट पाण्यावर तिथल्या इमारती तापवल्या जाऊ लागल्या. म्हणून शान्शीतल्या खाणींनी आज उष्णता-पंप बसवताना, उद्या हवा थांबल्यावर त्याच यंत्राला खाणीतलं पाणी जोडता येईल का, हेही आताच पाहून ठेवावं. तोवर क्रम मात्र एकच: आधी खालच्या माणसाचा श्वास, मग वरच्या इमारतीची ऊब.