पावसाने सोलवटलेली भिंत

पाऊस सरला की कोकणात घराची पश्चिमेकडची भिंत आधी पाहावी. वाऱ्याबरोबर येणारी झड सोसते ती हीच. गिलाव्याचे पोपडे, त्याखाली पांढरा लोणा, तळाशी शेवाळ. अशा वेळी पुष्कळजण थेट रंगाचा डबा आणतात. ते पैसे पाण्यात जातात.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हाळ, खिडकीच्या कडेची भेग. छज्ज्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसेल, तर ते उलटं भिंतीकडेच वाहतं.

जांभा पाणी पिणारा दगड. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की भेगेतून शिरलेली ओल आतच कोंडते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. म्हणून जुन्या जांभ्याच्या घराला चुनाच बरा, गवंडी कितीही कुरकुरला तरी!

हातोडीने हलकेच ठोकून पाहा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर क्षार पुन्हा आत मुरतात. मग भिंत नीट वाळू द्या, घाई इथेच नडते. सांधे खरवडून साफ करा, भिंत भिजवा आणि पातळ थरांत गिलावा चढवा. कडक उन्हापासून तो ओल्या गोणपाटाने झाका. समुद्राची वाळू मात्र अजिबात वापरू नका, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणतं.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे भिंतीला वाळायला पुरेसा वेळ मिळेल.