कल्पनांची काटछाट

शिवणकामात सुईचे कौतुक अधिक होते; परंतु वस्त्राचे भवितव्य ठरविते ती कात्री. कापणी चुकली, तर टीप कितीही सुबक असली तरी पोशाख अंगावर बसत नाही. तयार वस्त्रांच्या लहान पेढीचीही हीच गोष्ट आहे. अशी पेढी कल्पनांच्या दारिद्र्याने क्वचितच बुडते. ती बुडते कल्पनांच्या सुकाळाने.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, एका पेढीजवळ हंगामात 900 नग शिवण्याइतके भांडवल आहे. तिने 12 नमुने घेतले, प्रत्येक नमुना 5 मापांत आणि 3 रंगांत काढला, तर 180 प्रकार होतात व प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला 5 नग येतात. आता मालकाला आणखी चार नमुने सुचले. प्रकार 240 झाले. भांडवल मात्र तेवढेच राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला आता चार नगही येत नाहीत. खपणारे माप आठवड्यात संपते, न खपणारे कपाटात पडून राहते, आणि हंगाम सरताच ते पडेल भावाने काढावे लागते. शिवाय प्रत्येक नमुन्याचा वेगळा फर्मा हवा, वेगळी गुंडी हवी. कारागिराचा हात एका नमुन्यावर बसतो न बसतो, तोच दुसरा नमुना त्याच्यापुढे येऊन पडतो. म्हणजे सुचलेली कल्पना फुकट असते. स्वीकारलेली कल्पना मात्र रोज भाडे मागते.

या संदर्भात फ्रान्समधील गाब्रिएल शानेल यांचे उदाहरण बोधप्रद आहे. 1910 साली त्यांनी पॅरिसमध्ये स्त्रियांच्या टोप्यांचे एक लहानसे दुकान काढले. पिसे, फुले आणि फिती यांनी लादलेल्या टोप्यांचा तो काळ होता. शानेल यांच्या टोप्या जवळजवळ निराभरण होत्या. 1913 मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुसरे दुकान निघाले. तेथे त्यांनी जर्सी हे मऊ, विणीचे कापड बाहेर वापरण्याच्या पोशाखांसाठी घेतले. तोपर्यंत ते मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जात असे. 1926 मध्ये त्यांच्या साध्या काळ्या झग्याचे चित्र अमेरिकेतील ‘व्होग’ मासिकाने छापले, तेव्हा त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली. टोपी, जर्सी, काळा झगा, या वस्तू निरनिराळ्या. परंतु त्यांच्यामागचा विचार एकच होता. चालणाऱ्या, फिरणाऱ्या स्त्रीला वस्त्राचा भार होऊ नये, हा तो विचार. जे या विचारात बसले नाही, ते गळाले.

या निष्ठेची कसोटी पुढे लागली. युद्धाच्या प्रारंभी, 1939 मध्ये, शानेल यांनी आपले वस्त्रगृह बंद केले होते. 1947 मध्ये क्रिस्तिआँ दिओर यांनी आवळलेली कंबर आणि घेरदार झगे यांची लाट आणली. 1954 मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी शानेल परत आल्या, तेव्हा त्या लाटेवर स्वार होणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाची थट्टा केली. अमेरिकेतील गिऱ्हाइकांनी मात्र ते पोशाख उचलले. जाकिटाच्या काठाला आतून बारीक साखळी शिवून ते सरळ लोंबेल अशी केलेली योजना त्याच जुन्या विचाराचे फळ होते.

याउलट चित्र न्यूयॉर्कच्या हॉल्स्टन यांचे. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला जॅकलीन केनेडी यांनी घातलेल्या टोपीमुळे हे नाव गाजले. 1968 मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली. साधी, सुटसुटीत, अंगावर सहज पडणारी वस्त्रे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. 1973 मध्ये त्यांनी पेढी आणि नाव दोन्ही एका मोठ्या कंपनीस विकले. मग त्या नावाखाली प्रवासी पेट्या आल्या, गालिचे आले. 1983 मध्ये स्वस्त मालाच्या एका विशाल दुकानसाखळीशी करार झाला, तेव्हा उंची वस्त्रांच्या ज्या दुकानात त्यांच्या कारकीर्दीला बहर आला होता, त्यानेच त्यांचा माल ठेवणे थांबविले. अखेरीस स्वतःच्या नावाने वस्त्रे विकण्याचा हक्कही त्यांच्यापाशी उरला नाही. कौशल्य उणे नव्हते. उणा होता तो नकार.

मग नवे काहीच करू नये काय? तसे नव्हे. शानेल यांनीही 1921 मध्ये सुगंधी द्रव्य विक्रीस आणले. पण ते प्रथम घेतले त्यांच्याच दुकानांत येणाऱ्या स्त्रियांनी. विस्तार आणि विखुरणे यांतील भेद येथे आहे. लहान पेढीने प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्न विचारावेत. आपले आजचे गिऱ्हाईक हे घेईल काय? आपल्या कारागिरांना हे आताच उत्तम साधेल काय? आणि यासाठी कोणता जुना नमुना आपण वगळण्यास तयार आहोत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर कल्पना चांगली असूनही तिची वेळ आलेली नाही, असे समजावे.

नाकारलेली कल्पना फेकून मात्र देऊ नये. ती तारखेसह एका वहीत लिहावी आणि हंगाम संपल्यावर, विक्रीचा हिशेब समोर ठेवून, ती वही उघडावी. उत्साहाच्या भरात अपरिहार्य वाटलेल्या कित्येक कल्पना तोपर्यंत आपोआप फिक्या पडलेल्या दिसतात. ज्या एकदोन टिकतात, त्यांच्यासाठी कापड खुशाल फाडावे. कारण कसबी कापणाऱ्याच्या मेजाखाली कापडाच्या चिंध्या पडतात, त्या नासाडीच्या खुणा नसतात. वस्त्राला आकार आला, याची ती साक्ष असते.