जोड ऐकू येऊ द्या

(रेडिओवरील भाषण)



मी रेडिओत काम शिकलो तेव्हा आवाज कापायला ब्लेड लागायचं. दाढीचं, साधं ब्लेड. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगानं धावायची, म्हणजे एका सेकंदाचं बोलणं जवळजवळ वीतभर लांब. वक्ता खोकला, अडखळला, खुर्ची करकरली, की स्पूल हातानं मागेपुढे फिरवून नेमकी ती जागा शोधायची, पेन्सिलीनं खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. छेद तिरकाच का, तर सरळ कापलं की जोडावर ‘टक्’ असा आवाज येण्याची भीती. तिरक्या छेदात एक आवाज उतरता उतरता दुसरा चढतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते एकच गोष्ट बजावत : जोड ऐकू येता कामा नये.

कापलेल्या पट्ट्या टेबलाखालच्या टोपलीत जायच्या. संध्याकाळपर्यंत टोपली भरायची. खोकले, सुस्कारे, ‘म्हणजे काय आहे की’, ‘थांबा, पुन्हा घेऊ या’. दिवसभराचा सगळा खरा माणूस त्या टोपलीत, आणि प्रसारणात मात्र कधीही न अडखळणारा विद्वान!

आज मी ज्या अल्बमविषयी बोलणार आहे, तो अशाच एका टोपलीतून निघाला. नाव ‘द फाउस्ट टेप्स’, साल १९७३, आणि वादक जर्मनीचे; त्यांच्या गटाचं नावच फाउस्ट.

फाउस्ट म्हटलं की आपल्याला गटेचं नाटक आठवतं. पण जर्मन भाषेत फाउस्ट म्हणजे मूठही. या मंडळींनी १९७१ साली पहिली तबकडी काढली ती पारदर्शक, तिचं वेष्टनही पारदर्शक, आणि त्यावर आवळलेल्या मुठीचा एक्स-रे. कंपनी होती पॉलिडोर. तिला या मुलांकडून बीटल्ससारखं काहीतरी जर्मन, खपाऊ असं हवं होतं. या पोरांनी काय केलं? तबकडीच्या सुरुवातीलाच बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे गोंगाटात बुडवून टाकले. बीटल्स मागितले होते ना, हे घ्या बीटल्स! तबकडी जर्मनीत फारशी खपली नाही. १९७२ची दुसरी तबकडी थोडी माणसाळलेली होती, पण तीही कंपनीचं समाधान करू शकली नाही, आणि पॉलिडोरनं हात काढून घेतला.

तोवर एक गोष्ट मात्र घडून गेली होती. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन या दोन शहरांच्या मधे व्युमे नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत कंपनीच्या खर्चानं स्टुडिओ उभा राहिला होता. हे जमवून आणलं होतं ऊवे नेटलबेक यांनी. मूळचे पत्रकार आणि चित्रपट समीक्षक, आता या वादकांचे निर्माते. ध्वनिमुद्रक होते कुर्ट ग्राउप्नर. त्यांनी वादकांसाठी खास पेट्या बनवल्या होत्या. त्या पेटीतून वादकाला आपला आवाज वाजवता वाजवताच बदलता यायचा.

भाड्याच्या स्टुडिओत वादकाचं एक लक्ष वाद्यावर असतं आणि एक घड्याळावर. तासाचे पैसे पडतात. इथे सगळे त्याच शाळेत राहात होते. जेवण तिथे, झोप तिथे. मनात आलं की वाजवायचं आणि टेप फिरत ठेवायची. ऑर्गन, ड्रम, सॅक्सोफोन, पियानो, गिटार, बडबड, गुणगुण, यंत्रांची घरघर. कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे, काय होतं ते बघायचं म्हणून. अशा खाजगी टेपांचा तिथे ढीग साठला.

कंपनी सुटली तेव्हा इंग्लंडमध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन ही नवी कंपनी तबकड्या काढायच्या तयारीत होती. टपालानं आणि दुकानातून तबकड्या विकता विकता ही मंडळी स्वतःच प्रकाशक व्हायला निघाली होती. मे १९७३मध्ये त्यांच्या पहिल्या तबकड्या आल्या. त्यात माइक ओल्डफील्ड यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ होती, जिनं पुढे व्हर्जिनचं नशीब काढलं. आणि त्याच सुमाराला आली ‘द फाउस्ट टेप्स’.

व्युमेच्या ढिगातून निवडलेले तुकडे एकमेकांना जोडले आणि सुमारे ४३ मिनिटांची तबकडी झाली. गाण्यांची नावं नाहीत, यादीही नाही. हे संगीत प्रकाशित करण्याच्या हेतूनं केलेलं नव्हतं, असं वेष्टनावरच सांगून टाकलं होतं. वेष्टनावर ब्रिजेट रायली या चित्रकर्तीच्या काळ्यापांढऱ्या लाटा. पाहता पाहता डोळ्यांना झिणझिण्या येतात. मागच्या बाजूला वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांची कात्रणं. आत कात्रणं, बाहेरही कात्रणं!

किंमत हा तर खरा गंमतीचा भाग. पूर्ण लांबीची तबकडी तेव्हा दोन पौंडांच्या पुढे मिळायची. ही ठेवली पन्नास पेन्सच्याही आत, एका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या भावात. खिशात खुर्दा घेऊन दुकानात शिरलेल्या शाळकरी मुलांनी ती उचलली. पन्नास हजारांवर प्रती खपल्या. त्यातल्या कित्येक घरांत त्या संध्याकाळी काय झालं असेल, याची मी कल्पना करतो. सुई टेकवली, आणि मुलगा तबकडी उलटसुलट करून बघतोय, कंपनीकडून चूक तर झाली नाही ना?

कारण ऐकू काय येतं? पियानो सुरू होतो, त्याच्यावर माणसांचे आवाज चढतात, आता काहीतरी आकाराला येणार असं वाटतं, आणि छाट! पुढचा तुकडा. ड्रम धावू लागतात, पुन्हा छाट. काही तुकडे अर्ध्या मिनिटाचेही नाहीत. मधेच गिटारवरचं एक हळुवार इंग्रजी गाणं लागतं, इतकं गोड की हेच लोक का ते, असं वाटावं. मग एक फ्रेंच गाणं, दातदुखीचं! ते मात्र सात मिनिटं एकाच ठेक्यावर हटून बसतं. दात दुखू लागला की तोही असाच हटून बसतो, हे ज्याचा दुखला असेल त्याला सांगायला नको.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यातला रेडिओवाला बेचैन झाला. जोड स्पष्ट ऐकू येत होते! इतका कच्चा हात कुणाचा, असं मनात आलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं की आपण भलत्याच ठिकाणी कान लावून बसलो आहोत. या तबकडीत तुकडा जितका महत्त्वाचा, तितकीच तो जिथे तुटतो ती जागा महत्त्वाची. संगीताची लय केवळ ड्रमवर नाही, ब्लेडवरही आहे. कधी तोडायचं, गोड गाणं किती चाखू द्यायचं, गोंगाट किती वेळ सोसायला लावायचा, हा सगळा ताल कापणाऱ्यानं धरलेला आहे.

ही कला आली कुठून? रेडिओतूनच. ध्वनिफितीचं यंत्र जर्मनीत घडलं. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ते लोकांपुढे आलं. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेर यांनी आगगाडीच्या आवाजांचे तुकडे जुळवून त्याला संगीत म्हटलं. त्यांच्याकडे तेव्हा टेपही नव्हती, तबकड्यांवरच भागवलं. पुढे कोलोनच्या रेडिओ केंद्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ निघाला, तिथे श्टॉकहाउझेन यांनी टेपच्या तुकड्यातुकड्यांनी रचना बांधल्या. म्हणजे आम्ही टोपलीत टाकत होतो त्यातून आमचेच दूरचे भाऊबंद संगीत करत होते. फाउस्टनं एवढंच केलं की ती प्रयोगशाळेतली गोष्ट शाळकरी मुलाच्या खुर्द्यात आणून ठेवली.

उरलंसुरलं विकणं ही काही नवी गोष्ट नाही. कलावंत गेला की कपाटं धुंडाळून त्याचे अर्धेमुर्धे प्रयत्न बाजारात येतात, आणि बहुतेक वेळा ऐकताना वाटतं, त्यानं ठेवून दिलं होतं तेच बरं होतं. पण प्रत्येक उरलेली गोष्ट सारखी नसते. फोडणीचा भात ताज्या भाताचा करून बघा. गोळा होतो. त्याला रात्रभर पडून राहिलेला, मोकळा झालेला भातच लागतो. व्युमेच्या टेपांचं तसंच होतं. गिऱ्हाइकाचा विचार करून वाजवलेलं संगीत असं मोकळं झालं नसतं. कुणी ऐकणार नाही या भरवशावर वाजवलं होतं, म्हणूनच त्यात हा सुटेपणा होता. आणि फोडणी कधी द्यायची हे ज्यांनी भात शिजवला त्यांच्याच घरात ठरलं.

पुढे काय झालं? त्याच वर्षी या मंडळींनी इंग्लंडमध्ये, व्हर्जिनच्या मॅनर स्टुडिओत चौथा अल्बम केला, आणि थोड्याच काळात त्यांचा तो पहिला डाव मोडला. पण स्वस्तात घरी आलेली ती तबकडी घराघरांत पडून राहिली, आणि पडून राहिलेल्या गोष्टी आपलं काम सावकाश करतात. जूलियन कोप या इंग्लिश गायकानं १९९५ साली जर्मन रॉकवर पुस्तक लिहिलं, त्यात या तबकडीविषयी तो अगदी भारावून बोलतो.

श्रोतेहो, आज आवाज कापायला ब्लेड लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते, बोटानं निवडली की गेली. टोपली राहिली नाही. हवं तर काढलेलं परत आणता येतं, म्हणून कुणी ते जपूनही ठेवत नाही.

मघाशी ग्राउप्नर हे नाव उच्चारताना माझी जीभ अडखळली. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीनं हातानं खूण केली, काळजी करू नका, काढून टाकते. मी म्हटलं, राहू दे गं. ती हसली; तिलाही तिच्या वरिष्ठांनी तेच शिकवलेलं, जोड ऐकू येता कामा नये. तुम्हाला मी अडखळलेला ऐकू आलो की नाही, त्यावरून तुमचं तुम्हीच ओळखा, तिनं शेवटी कुणाचं ऐकलं ते.