खाड्यांचे गणित आणि बदली कामगार



या व्यासपीठावर काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या नाट्यसंगीतावर आहे, आणि मधल्या दिवशी आम्हांला उभे केले आहे ते शक्यतेच्या गणितावर बोलायला. कामगार चळवळीतल्या माणसाचा गणिताशी काय संबंध, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते साहजिक आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे झाले ते रद्दीच्या दुकानातली पुस्तके आणि कारखान्यांची हजेरीपुस्तके यांच्यावर. वाटाघाटीला समोरचा मॅनेजर आकड्यांचा कागद पुढे सरकवतो, तेव्हा तो कागद वाचणारा कोणीतरी आपल्याही बाजूला असावा लागतो. त्या गरजेपोटी आम्ही हे शिकलो.

एका सूतगिरणीचे उदाहरण घेऊ. एका पाळीला शंभर माणसे लागतात. कोणी आजारी पडतो, कोणाच्या घरी लग्न असते, कोणाची एसटी चुकते. असे करून दर दिवशी सरासरीने दहा खाडे होतात. खाडा झाला की त्या जागी बदली कामगार उभा करायचा. तर मग फाटकावर रोज किती बदली हजर असावेत? हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला आहे. दहांतले नऊ जण म्हणतात, दहा. सरासरी दहा, म्हणून बदली दहा. ऐकायला हे सरळ वाटते. त्यात काय राहून जाते ते पाहू.

आधी शंभरांऐवजी चारच माणसे घेऊ, म्हणजे सगळे बोटांवर मोजता येईल. प्रत्येक जण दहा दिवसांत एकदा खाडा करतो, आणि एकाच्या खाड्याचा दुसऱ्याच्या खाड्याशी काही संबंध नाही, असे तूर्त धरा. चौघांपैकी एक गैरहजर राहण्याच्या रीती किती? चार. दोघे गैरहजर राहण्याच्या? सहा. ज्यांनी वृत्ते शिकली आहेत त्यांच्या हे ओळखीचे आहे. चार अक्षरांच्या चरणात एक लघु चार रीतींनी येतो, दोन लघु सहा रीतींनी. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तीत या आकड्यांचा मेरुप्रस्तार मांडलेला आहे : १, ४, ६, ४, १. युरोपात हाच त्रिकोण पास्कलच्या नावाने ओळखला जातो. त्यावरून शक्यता कशा काढायच्या याची शिस्तशीर मांडणी याकोब बेर्नुलीने केली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली, छापला गेला.

आता हिशेब करा. दहा हजार दिवस धरले तर त्यांतले ६५६१ दिवस चौघेही हजर असतील. २९१६ दिवस एक जण नसेल, ४८६ दिवस दोघे नसतील, ३६ दिवस तिघे, आणि एका दिवशी चौघेही घरी. बेरीज दहा हजार. या खाड्यांची सरासरी चार दशांश येते. पण चार दशांश माणूस कोणत्याच दिवशी गैरहजर नसतो! तो शून्य असतो, एक असतो, दोन असतो. सरासरी हा एकच आकडा आहे आणि दिवस तऱ्हेतऱ्हेचे आहेत. किती दिवस शून्य, किती दिवस एक, किती दिवस दोन, ही जी वाटणी, तिला गणिती लोक वितरण म्हणतात. माणसे, जहाजे, अपघात अशा पूर्ण अंकांत मोजायच्या गोष्टींचे वितरण म्हणून ते खंडित वितरण. या विशिष्ट जातीचे नाव द्विपद वितरण. नावाला घाबरण्याचे कारण नाही.

हीच रीत शंभर माणसांना लावली की गंमत दिसते. बरोबर दहा खाडे होतील असे दिवस शंभरांतले फक्त तेरा. दहापेक्षा कमी खाड्यांचे दिवस पंचेचाळीस, आणि दहापेक्षा जास्त खाड्यांचे बेचाळीस. म्हणजे दहा बदली ठेवणाऱ्या गिरणीत शंभरांतले बेचाळीस दिवस एखादे तरी यंत्र माणसावाचून बंद राहणार, पंचेचाळीस दिवस एखादा तरी बदली हात हलवत परत जाणार, आणि सरासरीप्रमाणे सगळे जुळून येणार ते तेरा दिवस. चौदा बदली ठेवले तर माणसे कमी पडण्याचे दिवस सातावर येतात. सतरा ठेवले तर एकावर.

मग चौदा ठेवायचे की सतरा? इथे गणित थांबते आणि व्यापार सुरू होतो. समजा, एक यंत्र दिवसभर बंद राहिले तर मालकाचे, मजुरी वगैरे वजा जाता, नऊशे रुपये बुडतात. आणि समजा, हजर राहूनही काम न मिळालेल्या बदलीला शंभर रुपये हजेरीभत्ता द्यावा लागतो. चौदावा बदली शंभरांतले बारा दिवस कामाला येतो. त्याने वाचवले १०,८००. उरलेले अठ्ठ्याऐंशी दिवस तो बसून राहतो. त्याचे गेले ८,८००. तेव्हा चौदावा ठेवावा. पंधरावा सातच दिवस लागतो. वाचले ६,३००, गेले ९,३००. तेव्हा पंधरावा ठेवू नये. भत्ता तीनशे असता तर हाच हिशेब बारावर थांबला असता. करून पाहा, कागदाची एक बाजू पुरते. दूध, फुले, पाव असा नाशवंत माल विकणाऱ्यांनी तर अवश्य करून पाहावा. एक नग कमी पडला तर किती बुडते आणि एक उरला तर किती, हे दोन आकडे आणि विक्रीच्या दिवसांची वाटणी एवढेच त्याला लागते.

आता आम्ही इथवर का आलो ते सांगतो. भत्ता शंभर नाही, तीनशे नाही, शून्य आहे असे धरा. मग काय होते? विसावा बदली हजार दिवसांतून दोनच दिवस लागतो, पण त्याला बसवून ठेवायला काही पडत नाही, म्हणून तोही ठेवावा असे गणित सांगते. पंचविसावा लाखभर दिवसांतून एखाद्या दिवशी लागेल, तोही ठेवावा. सूत्र तेच आहे आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त वाट पाहण्याची किंमत मालकाच्या वहीत शून्य लिहिलेली आहे. ती किंमत कोणीतरी भरतोच. पहाटे डबा घेऊन निघालेला आणि नऊ वाजता तो डबा तसाच घेऊन घरी परतलेला माणूस ती भरतो.

मुंबईच्या गिरण्यांत ही फाटकावरची गर्दी जुनी होती. जॉबरच्या मर्जीवर आणि लाचेवर बदलीचे काम मिळे. तिला आळा घालावा म्हणून तिथल्या गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदली नियंत्रणाची पद्धत आणली. मोजक्या माणसांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज हजर राहायचे, आणि रिकाम्या जागा आधी त्यांना द्यायच्या. संख्येला बांध पडला, पण वाट पाहण्याला मोल आले नाही. पुढे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कामबंदीच्या भरपाईचे कलम घातले गेले. काम नसेल त्या दिवसाची मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम कामगाराला मिळावी, असे ते कलम. पण त्यातच कंस टाकून बदली आणि नैमित्तिक कामगार वगळले होते. बदलीने एक वर्षाची सलग नोकरी भरली तरच तो कंसाबाहेर येई. आमच्या उमेदवारीतली निम्मी भांडणे त्या एका वर्षाच्या मोजणीवरची होती.

याच मुंबईत दुसरीकडे वेगळे घडले. गोदीत जहाजांचे येणे कोणाच्या हातात नसते. तिथे द्विपद वितरण चालत नाही, कारण ‘शंभरांतले किती’ असा प्रश्नच नाही; तिथे फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नावाचे वितरण लावतात. रोज सरासरी चार जहाजे येतात असे धरले, तर शंभरांतले दोनएक दिवस एकही जहाज येणार नाही आणि पाच दिवस आठ किंवा जास्त येतील. (हे वितरण प्रत्यक्षात उतरते का, हे बोर्टकीविच नावाच्या विद्वानाने १८९८ साली प्रशियाच्या घोडदळात लाथ लागून मेलेल्या सैनिकांवरून दाखवले. दहा पलटणींची वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी. त्यांतल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन. गणिताने आलेले आकडे १०९, ६६ आणि २०. विषय दुःखाचा, पण जुळणी पाहण्यासारखी.) तर जहाज नाही म्हणून गोदी कामगाराने उपाशी राहावे का? १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली मुंबईसाठी १९५१ साली योजना झाली. तिच्यात नोंदणी झालेल्या कामगाराला हजेरीभत्ता आणि महिन्याच्या किमान वेतनाची हमी मिळाली. गोदीत वाट पाहण्याची किंमत वहीत चढली ती अशी.

आता आमच्या भागातल्या एका सूतगिरणीची हकीकत. नाव सांगत नाही. तिथे एका पाळीच्या बदली यादीवर बावीस नावे होती, आणि भत्ता नव्हता. आम्ही भत्ता मागितला. मॅनेजर म्हणाले, ‘‘सरासरी दहा खाडे आहेत, फार तर दहा जणांना देऊ.’’ आम्ही वर मांडलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. ते इंजिनिअर होते, पटकन समजले, आणि समजल्यावर एक बोट चौदावर ठेवून म्हणाले, ‘‘मग हेच घ्या. चौदांना भत्ता, बाकीची नावे कमी करा.’’

हा खरा पेच होता. भत्ता सुरू झाला की यादी आखडते, हे त्याच गणितात लिहिलेले आहे. आमच्या युनियनच्या सभेत त्या रात्री दोन तट पडले. एक म्हणे, आठ पोरांच्या पोटावर पाय देणारा भत्ता नको. दुसरा म्हणे, बावीस जणांत वाटून येते ते काय आहे? तेही मोजले. सव्वीस दिवसांच्या महिन्यात बावीस जणांना प्रत्येकी बारा दिवससुद्धा काम येत नाही. चौदा असतील तर अठरा दिवस काम आणि आठ दिवस भत्ता येतो. अठरा दिवसांत घर चालते, बारांत चालत नाही, एवढे सगळ्यांना कळत होते. पण ते आठ कोण, हे कोणालाच बोलायचे नव्हते.

मार्ग निघाला तो गणिताच्या एका दुबळ्या जागेतून. सुरुवातीला आम्ही धरले होते की एकाच्या खाड्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. वर्षभराचे हजेरीपुस्तक उतरून काढले तेव्हा दिसले की एरवी हे बरेचसे खरे आहे, पण शिमग्याला, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, पेरणीला आणि लग्नसराईत अजिबात खरे नाही. एका गावची दहा माणसे एका गाडीने जातात. त्या दिवसांत चौदा काय, बावीसही पुरत नव्हते. माणसे एकमेकांना धरून असली की द्विपद वितरण लुळे पडते. शंभर जणांचे शंभर वेगवेगळे खाडे योगायोगाने एकाच दिवशी येण्याची शक्यता लिहायची तर एकाखाली एक आणि त्यावर शंभर शून्ये लिहावी लागतील. तरी १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झालाच. ते वितरण मेरुप्रस्तारात सापडायचे नाही.

तेव्हा दोन याद्या झाल्या. चौदांची कायम यादी, भत्त्यासह. आणि आठांची हंगामी यादी; सणासुदीच्या आणि पेरणीच्या ठरलेल्या आठवड्यांत त्यांना कामाची हमी, आणि कायम यादीत जागा झाली की ज्येष्ठतेने ती त्यांची. आठांपैकी तिघांनी वाट न पाहता दुसरे काम धरले. त्यांच्या घरी निरोप सांगायला आम्हीच गेलो होतो, आणि त्यांच्या घरच्यांनी आम्हांला चहा विचारला नाही, हेही सांगून ठेवतो.

आज फाटकावरची गर्दी पुष्कळ ठिकाणी दिसत नाही. ती चौकाचौकांत दुचाकीवर बसून मोबाइलकडे पाहत असते. जिथे फेरीवरच पैसे आहेत, तिथे पंधरावा, विसावा, पंचविसावा पोरगा ठेवायला आजही काही पडत नाही. ऑर्डरी केव्हा किती येतात याचे वितरण कंपनीच्या यंत्रात मिनिटामिनिटाचे तयार असते. पोरांकडे हजेरीपुस्तकसुद्धा नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडच्या काही मुलांना आम्ही वही ठेवायला सांगितली आहे. किती वाजता बसलो, किती वाजता ऑर्डर आली, एवढ्या दोनच रकाने असलेली. काही वह्या सोबत आणल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी व्याख्यानानंतर पुढे यावे. मुलांची नावे तेवढी झाकून ठेवली आहेत.