कारागिराचे हात आणि घरची अवजारे
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य-संगीतावर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्याला लाभले आहेत. माझे आयुष्य मात्र तेल-ग्रीसात गेले. तेव्हा त्यातलेच काही आपल्यापुढे ठेवावे, हे उचित. आपण घरी खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो आणि इथे जमशेदपुरात १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मापूजेला कारखान्या-कारखान्यांतून तीच पूजा होते. ज्या अवजाराला आपण फूल वाहतो ते विश्वासास पात्र आहे का, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

या नगरात १९४५ साली टेल्को स्थापन झाली. आरंभी आगगाडीची इंजिने आणि १९५४ पासून जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक, असा तिचा प्रवास. त्या काळी पुष्कळ ट्रक नुसत्या चासीच्या रूपाने विकले जात आणि केबिन बांधायचे काम गावोगावचे सुतार व लोहार करीत. दोन केबिनी सारख्या नसत. त्यामुळे त्या उतरवण्याचे तयार अवजारही मिळत नसे. प्रत्येक गॅरेजाने आपले आपण घडवायचे.

केबिन उतरवण्याचा प्रसंग कधी येतो? अपघातात चासी वाकली, तळ गंजून गेला, किंवा खालच्या रबरी बैठका झिजल्या, म्हणजे येतो. केबिनचे वजन काही शेकडो किलो असते; झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या केबिनीचे टनाच्या घरात जाते. शिवाय ती पत्र्याची पेटी असते. दोराने आवळली तर खांब चेपतात, छत मुडपते, आणि मग दरवाजे बसेनासे होतात.

म्हणून जाणते मिस्त्री लोखंडी चॅनेलची एक चौकट बनवतात. ती केबिनीहून किंचित रुंद असते. तिच्या चार कोपऱ्यांतून चार पट्टे सरळ खाली येऊन केबिनीच्या तळातील भक्कम आडव्या भागांना धरतात. वरच्या तिरप्या साखळ्यांचा आतल्या बाजूचा दाब चौकट सोसते. केबिनीवर तो येत नाही. मधल्या पट्टीत छिद्रांची रांग ठेवावी लागते, कारण केबिनीचे वजन पुढे-मागे सारखे नसते. दोन इंच उचलून पाहावे. पुढचा भाग खाली झुकला तर खाली ठेवून हूक एक छिद्र पुढे घ्यावा. हे दोन इंच ज्याने वाचवले, त्याचे पुढचे दोन तास वाया गेले असे समजावे.

तिरप्या पट्ट्याचे गणित तर प्रत्येक गॅरेजाच्या भिंतीवर लिहावे असे आहे. १००० किलोचे ओझे दोन उभ्या पट्ट्यांवर टांगले तर प्रत्येकावर ५०० किलोचा ताण येतो. पट्टे क्षितिजाशी ६० अंशांत आले तर तो सुमारे ५७७ होतो, ४५ अंशांत ७०७, आणि ३० अंशांत थेट १०००. ओझे तेच, पट्टे तेच. केवळ कोन बदलला आणि ताण दुप्पट झाला.

पुढे १९८०च्या दशकात जपानी सहकार्याने हलके ट्रक आले, आणि पुढे कलणारी केबिन गॅरेजांच्या ओळखीची झाली. इंजिनाचे काम सोपे झाले. धोका मात्र गेला नाही. अर्धवट कललेली केबिन तर फारच फसवी. आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला अजून संकोच वाटतो.

फार वर्षांपूर्वी एका गॅरेजात अशीच एक केबिन अर्धी वर उचलून ठेवायची होती. तिच्याखाली देण्याचा टेकू मी स्वतः घडवला होता. जाड पाइप, दोन्ही टोकांना सपाट पत्रा, दिसायला देखणा. मालकांनी कौतुक केले आणि मी सुखावलो. एका दुपारी खाली काम करणाऱ्या पोराच्या हातून पाना निसटला, तो टेकूवर आपटला, सपाट पत्रा सरकला आणि केबिन बसली. पोरगा बाहेर पडला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. लोक म्हणाले, ‘पोराचे लक्ष नव्हते.’ मी गप्प राहिलो. पोराचे लक्ष काही क्षण जाणारच होते. टेकूला ते आधी ठाऊक असायला हवे होते.

नंतर मी टेकूच्या टोकांना खोबण केली, म्हणजे तो केबिनीच्या कडेवर बसल्यावर बाजूला सरकू शकत नाही. आणि आरपार खीळ घातली, जी निघाल्याखेरीज तो निघतच नाही. त्याला पाच मिनिटे अधिक लागतात. जॅकवर कधी विसंबायचे नाही, जॅक उचलण्यासाठी, टेकू धरून ठेवण्यासाठी. चाकांना गुटके, बॅटरी सुटी, गिअर न्यूट्रल, केबिनीतला डबा आणि देवाची तसबीर बाहेर, नाही तर केबिन कलताच तीच पुढच्या काचेवर जाऊन आदळतात. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कुणी उभे राहायचे नाही, मालकही नाही.

आपल्या देशात ‘जुगाड’ या शब्दाला आजकाल मोठा मान आहे. गरजेतून सुचलेल्या युक्तीचा मी द्वेष करीत नाही; माझा संसार तिच्यावरच चालला. परंतु युक्ती केवळ करणाऱ्याच्या सावधपणावर चालत असेल तर तो जुगाड. आणि सावधपणा सुटल्यावरही ती माणसाला सांभाळत असेल तरच ते अवजार. घडवणाऱ्याने आपल्या वस्तूची परीक्षा अपेक्षेहून अधिक भार घालून, आणि खाली कुणी नसताना, घ्यावी. आणि ती वापरणारा आपल्याहून थकलेला, आपल्याहून अननुभवी असेल, हे गृहीत धरावे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता संगणकावर काम करतात. त्यांचे काम हातोडीचे नाही, पण त्यांनी घडवलेल्या वस्तूंखालीही कुणीतरी काम करीतच असते. येत्या खंडेनवमीला अवजारांवर फूल वाहताना त्या पोराची आठवण ठेवावी, इतकीच विनंती.