अन्न समोर, चित्त कोठे?



आहाराचा विषय निघाला की पिझ्झा, बर्गर आणि शीतपेये यांना दोष देऊन आपण मोकळे होतो. तो दोष अनाठायी नाही, पण अपुरा आहे. सकाळच्या चहाबरोबरची खारी, डब्यातील फरसाण आणि सायंकाळचा वडापाव घरोघरी आपुलकीने खाल्ला जातो. मैदा, मीठ आणि पुन:पुन्हा तापविलेले तेल यांना स्वदेशी-विदेशी हा भेद ठाऊक नाही. शरीर दोन्हींचा हिशेब सारखाच ठेवते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. आनुवंशिकता आणि बैठे जीवन ही त्याची कारणे आहेतच. परंतु आहार हे कारण प्रत्येक घराच्या हाती आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात काय खावे याबरोबरच कसे खावे याचाही विचार आहे. अन्न उष्ण व स्निग्ध असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, फार घाईने वा फार रेंगाळत खाऊ नये, बोलणे-हसणे टाळून चित्त अन्नात ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. जठराचा एक भाग रिकामा ठेवण्याचा उपदेशही त्याच स्थानात आहे. यामागील कारण आज सहज समजते. पोट भरल्याची जाणीव होण्यास काही वेळ लागतो. दूरदर्शनसमोर वा भ्रमणध्वनी हाती धरून जेवणारा ती जाणीव होण्यापूर्वीच गरजेपेक्षा अधिक खातो आणि काय खाल्ले हे विसरतोही.

ही सावधानता ताटापूर्वी, दुकानातच सुरू व्हावी. वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर वा पामतेल आरंभीच दिसले, तर पाकीट मुख्यत: कशाचे आहे ते उघड होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. पेलाभर दुधात एवढी साखर कोणती आई घालील?

अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. तो उपयुक्त आहे. पण स्वयंपाकघरातील डब्यांत काय भरावे, हे कोणताही नियम ठरवीत नाही. ते काम गृहिणीच्या एकटीचेही नव्हे. घरात पाकिटे आणणारे हात बहुधा पुरुषांचेच असतात!

मुलांवर केवळ बंदी घातली तर ओढ वाढते. त्यांच्या हाती पर्याय द्यावा : फुटाणे, शेंगदाणे-गूळ, उकडलेले कणीस, गरम थालीपीठ, ताक. सणाचे गोडधोड सणाला मनापासून खावे. ते रोजचे झाले की सणही उरत नाही आणि आरोग्यही.

दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र, दूरदर्शन बंद ठेवून, सावकाश घ्यावे. आज रात्रीपासून एवढा एक नियम प्रत्येक घराने पाळावा.